धान्याचें पोतें आणि मजुरीचा दर

समितीच्या निवेदनांत जमाखर्चाचें पान सर्वांत आधीं वाचलें जातें, आणि तें योग्यच आहे. ज्यानें पैसा दिला त्यानें तो कोठें गेला हें विचारावें; व्यापारी गृहस्थ तर तें विचारल्यावांचून राहावयाचे नाहींत. ज्वारी, कडबा, पाण्याचे टँकर, वृद्धांस व निराधारांस रोख मदत, या बाबींविषयीं कोणी शंका घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु "अर्ज, नकला, हजेरीपटांची तपासणी व प्रवास" या नांवाची जी एक लहानशी रक्कम खर्चाच्या बाजूस पडते, तिच्याविषयीं आमच्या कित्येक आश्रयदात्यांनीं, पेठेंतील आडत्यांनीं आणि गांवोगांवच्या बागाईतदारांनीं, तोंडी व लेखी विचारणा केली आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आम्हीं पैसा दिला तो भुकेल्याच्या तोंडांत घास पडावा म्हणून. तो कागद काळे करण्यांत कां जावा? प्रश्न सरळ आहे व त्याचें उत्तरहि सरळच दिलें पाहिजे. समितीनें तें काम मजकडे सोंपविलें, कारण कागद काळे करणें हा माझा तीस वर्षांचा धंदाच आहे.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. दुष्काळांत माणूस मरतो तो बहुधा बाजारांत धान्य नाहीं म्हणून नव्हे. तें विकत घेण्याचें साधन त्याच्या हातीं उरत नाहीं म्हणून. आणि तें साधन उरावें कीं न उरावें हें पुष्कळदां पावसापेक्षां एखाद्या सरकारी ठरावाच्या एका ओळीवर अवलंबून असतें. ती ओळ चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेणें हें धान्यदानाइतकेंच, आणि कित्येक वेळां त्याच्या शेंकडों पट, भूतदयेचें काम आहे. हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास त्याला साक्ष आहे.

सन १८७६ सालीं दख्खनांत पाऊस गेला. सोलापूर जिल्हा त्या आपत्तीच्या अगदीं मध्यभागीं सांपडला. १८७२ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ७ लक्ष १९ हजार होती. १८८१ च्या शिरगणतींत ती सुमारें ५ लक्ष ८२ हजार भरली. नऊ वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिली बाजूस, उलट सव्वा लाखाहून अधिक माणसें कमी झालीं. त्यांतील कांहीं निजामच्या मुलखांत व अन्यत्र निघून गेलीं असतील. परंतु उरलेल्यांचा हिशेब देण्यास कोणी उरलें नाहीं. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या वेळीं सोलापुरास आगगाडी येऊन पंधरा वर्षें होऊन गेलीं होतीं. रेलवेनें बाहेरून धान्य येत होतें, पेठेंत तें विकलें जात होतें. पण शेतांत पीक नाहीं म्हणजे खुरपणी नाहीं, कापणी नाहीं, मळणी नाहीं. म्हणून शेतमजुरास मजुरी नाहीं. शेतकऱ्याजवळ पैसा नाहीं म्हणजे लुगडें-धोतर कोणी घेत नाहीं. म्हणून विणकराचा माग बंद. धान्याच्या राशीसमोर हीं माणसें रिकाम्या हातानें उभीं होतीं. पुढें १८८० सालीं अहवाल देणाऱ्या दुष्काळ कमिशननेंहि हीच गोष्ट मान्य केली कीं, या देशांतील दुष्काळ हा अन्नाच्या दुष्काळापेक्षां कामाचा व मजुरीचा दुष्काळ असतो. आणि शंभर वर्षांनीं, १९८१ सालीं, प्रोफेसर अमर्त्य सेन यांनीं बंगाल व इतर देशांच्या दुष्काळांचा अभ्यास करून तोच सिद्धांत शास्त्रीय रीतीनें मांडला.

त्या वेळीं सरकारनें स्वस्थ बसावयाचें ठरविलें होतें असें मुळींच नाहीं. कामें निघालीं. आष्टीच्या तलावावर, दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर, ठिकठिकाणच्या सडकांवर हजारों लोक लागले. प्रश्न होता तो त्यांस काय द्यावयाचें हा. भाव चढूं लागल्यावर असा नियम झाला होता कीं, पुरुषास दररोज एक रतल धान्याची जी किंमत होईल ती, व तिच्यावर एक आणा द्यावा. स्त्रियांस व मुलांस त्याहून कमी. जानेवारी १८७७ मध्यें हिंदुस्थान सरकारच्या मतें हा दर जास्त ठरला, आणि मुलकी खात्याकडील हलक्या कामांवर त्या वरच्या एका आण्याचा अर्धा आणा झाला. एक रतल म्हणजे आजच्या मापानें अर्धा किलोसुद्धां नव्हे. खडी फोडणाऱ्या माणसाचें पोट तेवढ्यावर भरत नाहीं. आणि मीठ, मिरची, सरपण, शिवाय घरीं ठेविलेलें एखादें म्हातारें माणूस, हें सर्व त्या अर्ध्या आण्यांत बसवावयाचें होतें.

व्यापारी वाचकांनीं येथें माझ्याबरोबर थोडा हिशेब करावा. समजा, एक लाख माणसांच्या मजुरींतून रोजचा अर्धा आणा गेला. पन्नास हजार आणे म्हणजे तीन हजार एकशें पंचवीस रुपये रोजचे, आणि महिन्याचे त्र्याण्णव हजार सातशें पन्नास. हें नुकसान धर्मादाय फंडानें भरून काढावयाचें म्हटलें तर त्या काळच्या सुमारें एक लाख रुपयांची वर्गणी प्रत्येक महिन्यास जमवावी लागली असती, ती गांवोगांव पोहोंचवावी लागली असती, आणि तरीहि माणूस फक्त पूर्वीच्या जागीं येऊन उभा राहिला असता. उलटपक्षीं, हा अर्धा आणा ज्या कागदानें काढून घेतला तो कागद बदलला असता तर तेवढीच रक्कम सरकारी खजिन्यांतून, कोणासमोर पदर न पसरतां, मजुरी म्हणून त्यांच्या हातांत पडली असती. नियमाची ताकद ही अशी आहे. मारण्याचीहि आणि तारण्याचीहि.

या धोरणाशीं ज्यांचें नांव जडलें आहे ते सर रिचर्ड टेंपल निर्दय गृहस्थ होते असें समजण्याचें कारण नाहीं, आणि माझ्या प्रतिपादनाला तीच गोष्ट महत्त्वाची आहे. हेच टेंपलसाहेब १८७३-७४ सालीं बिहारच्या दुष्काळांत अधिकारावर होते. तेव्हां ब्रह्मदेशांतून तांदूळ आणविला गेला, मदत सढळ हातानें झाली, आणि उपासमारीचे मृत्यू जवळजवळ झालेच नाहींत. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजीं उधळपट्टीचा ठपका आला. तीन वर्षांनीं त्यांसच लॉर्ड लिटनच्या सरकारनें काटकसरीची ताकीद देऊन दक्षिणेंत पाठविलें, आणि त्यांनीं मद्रासेंत एक रतलाच्या हिशेबानें मजुरी बसविली. तेथील आरोग्य खात्याचे अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं तुरुंगांतील कैद्यांच्या शिध्याचा दाखला देऊन दाखवून दिलें कीं, एवढ्या अन्नावर काम करणारा मनुष्य टिकावयाचा नाहीं. माणूस एकच, हुकूम बदलला तेव्हां परिणाम बदलला. म्हणून अधिकाऱ्याच्या दयेस आवाहन करण्यांत जेवढी शक्ति खर्च होते तिच्यापैकीं कांहीं त्याच्या हातांतील हुकुमाकडे वळविली तर फळ अधिक मिळतें.

त्या वेळीं तें काम कोणी केलें? पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हे तिचे प्राण होते, आणि १८७१ पासून पुण्यास न्यायखात्यांत असलेले महादेव गोविंद रानडे हे तिचे बुद्धिदाते. या सभेनें दुष्काळांत एक नवा मार्ग काढला. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती देणारीं माणसें ठेवून धान्याचे भाव काय, कामें गांवापासून किती अंतरावर, मजुरी किती, कामावरील लोकांची स्थिति कशी, याची पत्रें मागविलीं आणि तीं संकलित करून दुष्काळाचे वृत्तांत या रूपानें सरकारकडे एकामागून एक रवाना केले. मजुरी कमी झाली तेव्हां हजारों लोकांनीं कामें सोडलीं. सरकारी बाजूचें म्हणणें असें पडलें कीं, ज्यांना खरी गरज नव्हती तेच गेले. सभेच्या वृत्तांतांनीं दुसरी बाजू, ठिकाणांसह व आंकड्यांसह, नोंदवून ठेविली. मद्रासचे पत्रकार विल्यम डिग्बी यांनीं १८७८ सालीं या दुष्काळाचा जो मोठा ग्रंथ इंग्रजींत छापला, त्यामुळें ही हकीकत विलायतेंतहि वाचली गेली.

सभेचा खर्च काय झाला असेल? टपाल, कागद, छपाई, आणि कांहीं माणसांचा प्रवास. म्हणजे ज्या बाबींविषयीं आज आमच्याकडे विचारणा होत आहे नेमक्या त्याच बाबी.

फळ लागलीच मिळालें असें सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाहीं. मद्रास सरकारनें त्याच वर्षीं मजुरीचा दर पुन्हां वाढविला. पण एकंदर त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं. हें वृत्तांत लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झालें. मात्र त्यानंतर १८७८ सालीं दुष्काळ कमिशन बसलें, १८८० सालीं त्याचा अहवाल आला, आणि १८८३ सालीं फॅमिन कोडचा, म्हणजे दुष्काळनियमावलीचा, मसुदा तयार होऊन प्रांतोप्रांतीं तशा नियमावल्या झाल्या. भाव चढणें, लोकांनीं गांव सोडून भटकूं लागणें या आगाऊ खुणा कशा ओळखाव्या. चांचणीचीं कामें केव्हां उघडावीं. मजुरी इतकी असावी कीं माणसाचें शरीर टिकेल. जे काम करूं शकत नाहींत त्यांस गांवांतच फुकट मदत द्यावी. सारावसुली तहकूब करावी. विणकरांसारख्या कारागिरांस त्यांच्या धंद्यांतच काम द्यावें. हें सर्व प्रथमच लेखी झालें. याचें सर्व श्रेय सार्वजनिक सभेस द्यावें असें मी म्हणणार नाहीं. कमिशनपुढें अनेकांच्या साक्षी होत्या, आणि सरकारलाहि अशी नामुष्की पुन्हां नको होती. पण पुरावा जमवून ठेविलेला नसता तर कमिशननें कोणत्या गोष्टीचा निकाल केला असता?

यानंतरचा एक प्रसंग सोलापूरकरांनीं विसरूं नये असा आहे. १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ पडला. तोंपर्यंत नियमावली होती, पण ती इंग्रजींत व कचेरीच्या कपाटांत. लोकमान्य टिळकांनीं व सार्वजनिक सभेनें तिच्यांतील मुख्य कलमें मराठींत छापून खेड्यापाड्यांत वांटलीं. सभेचीं माणसें गांवीं जाऊन सांगूं लागलीं कीं, पीक बुडालें असल्यास सारा तहकूब होण्याचा हक्क तुम्हांस सरकारच्याच नियमानें आहे. हें एक पैशाचेंहि दान नव्हतें; पण ज्या कुणब्यानें सारा भरण्यासाठीं बैल विकावयाचे मनांत आणलें होतें त्याचे बैल या एका कागदानें वांचले असतील तर तो कागद पोत्याहून वजनदार म्हटला पाहिजे. टिळक त्या वेळीं सोलापुरासहि आले. येथील विणकरांचे माग बंद पडले होते. स्थानिक व्यापाऱ्यांच्या साह्यानें त्यांस मागावरच काम मिळावें, नुकसानीचा भार व्यापाऱ्यांची कमिटी व सरकार यांनीं मिळून सोसावा, अशी योजना तयार झाली. ती नियमावलीच्या आशयास धरूनच होती. सरकारनें ती नाकारली. आणि १८९७ सालीं तर सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यताच काढून घेण्यांत आली. म्हणजे ही वाट बिनधोक नाहीं, हें आश्रयदात्यांनीं समजूनच तिला साह्य करावें. सोलापूरच्या व्यापाऱ्यांनीं विणकरांसाठीं हात पुढें केला होता ही गोष्ट मात्र आज त्यांच्या नातवंड-पणतवंडांस सांगण्यासारखी आहे.

नियम लिहिला म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळांत नियमावली असूनहि मुंबई इलाख्यांत मृत्यूंचें प्रमाण भयंकर होतें. आणि १९४३ सालीं बंगाल्यांत तर तेथील सरकारनें नियमावलीप्रमाणें दुष्काळ जाहीरच केला नाहीं; जाहीर केला असता तर मजुरी व शिधा देण्याची जबाबदारी अंगावर आली असती. सुमारें तीस लाख माणसें त्यांत गेलीं. कलकत्त्याच्या रस्त्यांवर अन्नछत्रें चालू होतीं. दानशूर लोक कमी नव्हते. कपाटांतला नियम बाहेर काढावयास भाग पाडणारें बळ कमी पडलें.

याच्या उलट चित्र आपल्या राज्यांत, आपल्यापैकीं वयस्कर वाचकांच्या डोळ्यांसमोर, घडलें. १९७०-७३ या सालांतील अवर्षण, ज्यास आपण बहात्तरचा दुष्काळ म्हणतों, पिकांच्या दृष्टीनें फार भयंकर होतें, आणि सोलापूर जिल्हा त्यांत पुन्हां अग्रभागीं होता. खडी फोडण्याचीं केंद्रें, पाझर तलाव, नालाबांध, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो, या गोष्टी ज्यांनीं पाहिल्या ते अजून त्या विसरलेले नाहींत. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यांतील कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसें होतीं. हाल झाले, ढोरें गेलीं. परंतु १८७७ सारखें मृत्यूंचें तांडव झालें नाहीं. याचें कारण सरकारें अधिक कनवाळू झालीं एवढेंच नाहीं. काम मागणारांची संख्या, त्यांचे मोर्चे, वृत्तपत्रें व विधिमंडळ यांचा दाब शासनावर सतत होता, आणि काम देणें ही शासनाची जबाबदारी आहे ही कल्पना रुजली होती.

तिला कायद्याचें रूप देण्याचें श्रेय मुख्यत्वें विठ्ठल सखाराम पागे यांस आहे. हे तासगांवकडील गृहस्थ विधानपरिषदेचे सभापति होते. १९६५ पासून त्यांनीं विसापूरच्या परिसरांत या कल्पनेचा विचार चालविला होता. १९७२ सालीं रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. ग्रामीण भागांतील जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल त्यास तें मिळण्याचा हक्क आहे, आणि ठराविक मुदतींत काम न दिल्यास बेकारभत्ता द्यावा लागेल, असें त्यांत लिहिलें गेलें. भुकेला माणूस त्या दिवसापासून याचक राहिला नाहीं, वादी झाला. निदान कागदावर तरी. पुढें २००५ सालीं संसदेनें सबंध देशासाठीं शंभर दिवसांच्या कामाचा जो कायदा केला, त्याचा पाया हा महाराष्ट्राचा प्रयोग होता.

व्यापारी गृहस्थांस या कायद्याची एक बाजू ठाऊक असूनहि ती दान म्हणून लक्षांत येत नाहीं. ही योजना चालविण्यासाठीं पैसा कोठून आणावयाचा? १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. मोटारी, विक्रीकर व ओलिताच्या जमिनी यांवर अधिभार आले. आणि जेवढी रक्कम या करांतून जमेल तेवढीच शासनानें आपल्याकडून घालावी असें ठरलें. म्हणजे शहरांतील पगारदार, दुकानदार, वकील व डॉक्टर आणि पाण्याखालची जमीन असलेले बागाईतदार, यांच्या खिशांतून कोरडवाहू गांवांतील मजुरासाठीं कायमची वर्गणी सुरू झाली. ती पावतीवर "दुष्काळ फंड" म्हणून येत नसे इतकेंच. माझ्या व्यवसायांतील मंडळींनीं त्या कराबद्दल पुष्कळ कुरकुर केली आहे. पण कोणत्याहि धर्मादाय समितीनें, आमच्या तर नव्हेच, इतक्या लोकांकडून इतकीं वर्षें अखंड वर्गणी जमविलेली नाहीं.

मजुरीच्या दराचा जो प्रश्न १८७७ सालीं उपस्थित झाला होता त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालीं दिला, हें येथें एका वकिलानें सांगितलें नाहीं तर त्याचा काय उपयोग! राजस्थानांत १९६४ च्या एका कायद्यानें दुष्काळी कामांस किमान वेतनाच्या नियमांतून मोकळीक दिली होती. सरकारचें म्हणणें असें कीं, ही नोकरी नव्हे, ही मदत आहे. मदतीस मोल कसलें लावावयाचें? संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, ज्याच्याकडून काम करून घेतलें त्यास किमान वेतनाहून कमी देणें ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें मना केलेली वेठ होय. तो मनुष्य दुष्काळानें गांजलेला आहे म्हणून त्याच्या श्रमाची किंमत घटत नाहीं. टेंपलसाहेबांच्या अर्ध्या आण्यास हें उत्तर मिळण्यास एकशें सहा वर्षें लागलीं. पण तें उत्तर एका खेड्यापुरतें नव्हतें. देशांतील प्रत्येक दुष्काळी कामास तें लागू झालें.

आतां आक्षेपांकडे वळतों. सर्वांत वजनदार आक्षेप आमच्या एका वयोवृद्ध सावकार आश्रयदात्यांचा आहे. ते म्हणतात, कायदे सुधारण्याच्या नादांत पुष्कळदां रोगापेक्षां औषध भारी पडतें. हें खरें आहे, आणि त्याचा दाखला त्यांच्याच धंद्यांत आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यांस तीन वर्षांची मुदत घातली. हेतु असा कीं, ऋणकोच्या मानगुटीवर जुनें कर्ज जन्मभर बसूं नये. प्रत्यक्षांत काय झालें? दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा करून घेण्याची वहिवाट पडली, आणि कर्ज अधिकच वाढूं लागलें. कोर्टांतून एकतर्फी हुकूमनामे होऊं लागले. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले, तो वणवा नगरकडेहि पसरला. त्यावर कमिशन बसून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणें, सातारा, नगर व सोलापूर हे चार जिल्हे त्यांत आले. रोख्यावरील आंकडा प्रमाण न मानतां कर्जाच्या मुळापर्यंत हिशेब घेण्याचा अधिकार कोर्टास मिळाला, शेतकऱ्यास कर्जासाठीं कैद करणें बंद झालें. हें चांगलें झालें. पण लागलीच दुसरी पळवाट निघाली: गहाणखताच्या ऐवजीं खरेदीखत लिहून घ्यावयाचें, आणि पैसे फिटल्यास जमीन परत देण्याचें फक्त तोंडी वचन द्यावयाचें. ती बुजविण्यासाठीं पुन्हां दुरुस्ती करावी लागली.

या इतिहासावरून कायद्याच्या वाटेस जाऊं नये असा निष्कर्ष निघत नाहीं. निघतो तो असा कीं, नियम बदलल्यावर त्याच्या मागें माणूस ठेवावा लागतो. त्याचा परिणाम खरोखर काय होत आहे हें गांवांत जाऊन, वहींत उतरून पाहावें लागतें. विहीर खणून देणाऱ्यानें पुढच्या उन्हाळ्यांत पाणी लागलें कीं नाहीं हें जसें पाहावें तसेंच हें.

दुसरा आक्षेप, आज जो उपाशी आहे त्यास उद्यांच्या कायद्याचा काय उपयोग? कांहींहि उपयोग नाहीं. म्हणूनच फंडाचा मोठा भाग धान्य, चारा व पाणी यांवरच जातो व जावा, असें माझें स्पष्ट मत आहे, आणि जे सुधारक गृहस्थ अन्नछत्रांस हिणवतात त्यांच्याशीं माझें जमत नाहीं. माझी मागणी दहांतील एका हिश्श्याची आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, आतां दुष्काळ पूर्वीसारखे राहिले नाहींत, तेव्हां बदलावयाचा नियम तरी कोणता? याला उत्तर म्हणून दोनच गोष्टी सांगतों. १९६३ सालीं आपल्या विधिमंडळानें कायदा करून राज्याच्या कायद्यांतून दुष्काळ हा शब्दच काढून टाकला व त्याच्या जागीं टंचाई हा शब्द घातला. हेतु वाईट नव्हता. दुष्काळ पडूंच द्यावयाचा नाहीं अशी प्रतिज्ञा त्यामागें होती. पण शब्दावर हक्क अवलंबून असतात. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शासनानें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपल्या जिल्ह्यांतील बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा व माढा हे पांच तालुके आले. बाकीचे सहा राहिले. सांगोल्याच्या शिवेवरील शेतकऱ्यास सवलती, आणि शीव ओलांडली कीं मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यास नाहींत. ढग मात्र दोघांवरूनहि कोरडेच गेलेले. ओरड झाल्यावर पुढच्या महिन्यांत राज्यांतील एक हजाराहून अधिक महसूल मंडळांस दुष्काळसदृश असा नवा शब्द लावून कांहीं सवलती देण्यांत आल्या. यादी ज्या कसोट्यांनीं ठरते, पाऊस, पिकाची हिरवळ, जमिनींतील ओल यांचे ते आंकडे, त्या कसोट्या कोणी वाचल्या, आपल्या मंडळाचें पर्जन्यमापक यंत्र कोठें बसविलें आहे हें कोणी पाहिलें, तर पुढील खेपेस ओरड होण्यापूर्वींच लेखी हरकत घेतां येते. पेठेंतील कोणताहि आडत्या वजनकांटा तपासल्यावांचून माल घेत नाहीं.

आतां त्या रकमेंतून काय होतें तें सांगतों. तोंडी मागितलेल्या कामाची नोंद राहत नाहीं, आणि नोंद नाहीं तर भत्त्याचा हक्क शाबीत होत नाहीं. म्हणून समितीचे कार्यकर्ते गांवांत बसून कामाची मागणी लेखी लिहून देतात व तिची तारखेची पोंच मागून घेतात. हजेरीपटांच्या नकला मिळवून त्या मजुरांसमोर वाचून दाखवितात. कोणाचे किती दिवस भरले, किती रुपये पडले, पैसे कामानंतर किती दिवसांनीं हातांत आले, हें तक्त्यांत मांडतात. एखाद्या गांवीं चूक दिसली तर ती तेथल्या तेथें दुरुस्त होते. पण तीच चूक दहा गांवीं दिसली म्हणजे ती माणसाची नसून नियमाची आहे असें समजून तें प्रकरण तक्त्यासह जिल्हाधिकाऱ्यांकडे व आपल्या आमदारांकडे जातें. कोर्ट हा शेवटचा उपाय ठेविला आहे. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतों असें वाटेल, पण अर्जानें जें होतें त्यासाठीं फिर्याद करूं नये. या कामीं जे वकील येतात ते फी घेत नाहींत. खर्च पडतो तो नकला, टंकलेखन व एसटीचें भाडें यांचा. तक्ते समितीच्या कचेरींत कोणाहि आश्रयदात्यास पाहावयास मिळतील. हिशेबाची वही उघडून बसण्याची ज्यांस संवय आहे अशा एखाद-दुसऱ्या गृहस्थानें महिन्यांतून एक दुपार दिल्यास त्यांतील बेरजा तपासण्याचें मोठें काम होईल.

वर्गणीच्या पावतीवर यंदापासून दोन रकाने ठेविले आहेत. पहिला धान्य, चारा व पाणी यांचा. दुसरा अर्ज, तपासणी व नकला यांचा. ज्यांस आपली सर्व रक्कम पहिल्याच रकान्यांत जावी असें वाटत असेल त्यांनीं तसें लिहावें. त्यांतील एक पैहि दुसरीकडे वळविली जाणार नाहीं. कांहींच न लिहिल्यास नऊ हिस्से पहिल्यांत व एक हिस्सा दुसऱ्यांत धरला जाईल. पुढील निवेदनांत दोन्ही रकान्यांचा जमाखर्च निरनिराळा छापण्यांत येईल, आणि दुसऱ्या रकान्यापुढें कोणत्या प्रकरणांत काय निकाल लागला, व कोणत्यांत कांहींच लागला नाहीं, हेंहि नमूद केलें जाईल.